‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? एफबीआयच्या सेंटिनेलचं प्रकरण

ऑगस्ट २०१०. मंजूर खर्च ४५.१ कोटी डॉलर, त्यातले ४०.५ कोटी उडाले होते. चार टप्प्यांपैकी हाती आले होते दोन. पैसे नव्वद टक्के संपले, काम निम्मं, आणि त्या निम्म्यातलाही दुसरा टप्पा ‘अटींवर’ स्वीकारलेला. एफबीआय या अमेरिकी तपासयंत्रणेच्या सेंटिनेल प्रकल्पाची, म्हणजे तपासाच्या फायली संगणकावर आणण्याच्या कामाची, ही अवस्था. आयटीत काही वर्षं काढलेल्या माणसाला हे आकडे वाचून धक्का बसणार नाही, ओळख पटेल. मी स्वतः सलग चार महिने एका मॉड्यूलपुढे ‘९० टक्के’ लिहून दर शुक्रवारी अहवाल पाठवला आहे, आणि दर शुक्रवारी तो आकडा मला मनापासून खरा वाटत असे.

‘झालं’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. स्वयंपाक झालाय, फक्त पोळ्या राहिल्यात. घर झालं, नुसतं प्लंबिंग बाकी. सेंटिनेलची सगळी गोष्ट मला या एका शब्दाभोवती फिरताना दिसते. एजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, दाखवत आणि सुधारत जायच्या पद्धतीच्या यशाचं उदाहरण म्हणून प्रशिक्षणात ती हमखास सांगतात, पण तिथे सहसा शेवटचा अंकच दाखवतात. आधीचे दोन अंक पाहिल्याशिवाय तिसरा कळत नाही.

हिरवी अक्षरं आणि कागदाचे गठ्ठे

एफबीआयचं काम म्हणजे शेवटी फायली. साक्षीदाराशी बोललं की त्याची नोंद ‘३०२’ नावाच्या फॉर्मवर करायची, वरिष्ठाने वाचून सही करायची, मग ती प्रकरणाच्या फायलीत जायची. १९९५मध्ये यासाठी एसीएस नावाची संगणक प्रणाली आली. मेनफ्रेमवर चालणारी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एका कामासाठी पडद्यामागून पडदे ओलांडायचे. एजंटांना ती कधी आवडली नाही. खरी फाइल म्हणजे कागदाची फाइल, संगणकात भरायचं ते नियम आहे म्हणून, अशी रीत पडली. सरकारी कचेरीत ज्याने रजिस्टर आणि संगणक अशी दुहेरी नोंद पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. गंमत अशी, की ही प्रणाली मन लावून वापरणाऱ्यांत रॉबर्ट हॅन्सन होता. रशियासाठी हेरगिरी करणारा हा एफबीआयचा अधिकारी स्वतःवर कोणाला संशय आलाय का, हे तिच्यात शोधून बघत असे. तो फेब्रुवारी २००१मध्ये पकडला गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले. अपहरणकर्त्यांचे फोटो क्षेत्रीय कार्यालयांना ईमेलने पाठवण्याची धड सोय नव्हती, ते रात्रीच्या टपालाने धाडावे लागले. संचालक रॉबर्ट म्युलर यांना पदावर येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. संगणकीकरणाचा ‘ट्रिलॉजी’ नावाचा कार्यक्रम आधीच मंजूर होता, आता त्याला प्रचंड घाई लागली.

आठशे पानं

ट्रिलॉजीतली यंत्रं आणि नेटवर्क उशिरा का होईना आली. घोडं अडलं तिसऱ्या भागात, म्हणजे व्हर्च्युअल केस फाइल या सॉफ्टवेअरवर. कंत्राट एसएआयसी या कंपनीकडे जून २००१मध्ये गेलं. पद्धत अशी, की जेवढा खर्च होईल तेवढा सरकारने द्यायचा आणि वर बक्षिसी. म्हणजे वेळेत संपवण्याची निकड कंत्राटातच नव्हती.

मग सहा महिने बैठका बसल्या आणि गरजांचं आठशेहून अधिक पानांचं दस्तऐवज तयार झालं. प्रणालीने काय करावं एवढंच त्यात नव्हतं, कुठलं बटण पडद्यावर कुठे असावं इथपर्यंत उतरलं होतं. पाहुण्याला ‘काय खाणार’ विचारायच्या जागी मिठाचे दाणे मोजून घ्यावेत, तसं. इतकं बारीक लिहिलं की पुढे बदल होणारच. ते झालेही, कंत्राटदाराच्या म्हणण्यानुसार सुमारे चारशे. दरम्यान माणसं बदलत राहिली. ट्रिलॉजीच्या एकूण आयुष्यात पाच सीआयओ (माहिती-तंत्रज्ञानाचे प्रमुख) आणि वेगवेगळ्या भागांवर मिळून दहा प्रकल्प व्यवस्थापक येऊन गेले. आठशे पानांमागचा हेतू लक्षात ठेवणारं त्या पाच-दहा जणांत नक्की कोण उरलं असेल?

इथे प्रकल्प व्यवस्थापनाचा सगळ्यात जुना हिशेब आठवावा: वेळ, पैसा आणि कामाची व्याप्ती. तिन्हींपैकी एक ओढलं की बाकीची दोन सरकतात. एफबीआयने व्याप्ती वाढवली आणि मुदत अलीकडे ओढली. सैल उरला तो पैसा, आणि तो वाहू लागला. ट्रिलॉजीचा खर्च ३८ कोटी डॉलरवरून ५८ कोटींवर गेला.

यावर कळस म्हणजे बदलाचा बेत. एका दिवशी जुनी प्रणाली बंद, त्याच दिवशी नवी चालू. चुकलं तर परतीची वाट नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या प्रणालीत, नवा कोड टाकायला आपण घाबरतो, इथे देशभरातल्या तपासयंत्रणेचं एका फटक्यात स्थलांतर ठरलं होतं.

डिसेंबर २००३मध्ये एसएआयसीने सांगितलं, झालं. एफबीआयने तपासलं आणि सतरा त्रुटी काढल्या, त्या उकलत गेल्यावर एकोणसाठ निघाल्या. यातल्या किती खरंच चुका आणि किती मागाहून सुचलेल्या गरजा, यावर दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत जमलं नाही. अडीच वर्षं काम करून ‘झालं’ची व्याख्या वाद सुरू झाल्यावर शोधायची वेळ आली. दुरुस्तीसाठी कंपनीने आणखी वर्ष आणि ५.६ कोटी डॉलर मागितले. एफबीआयने बाहेरच्या तज्ज्ञांकडून मत घेतलं, ते म्हणाले टाकून द्या. २००५मध्ये सात लाख ओळींचा कोड आणि सुमारे १७ कोटी डॉलर असे दोन्ही मोडीत निघाले.

दुसरा अंक: टप्पे केले, पण

सेंटिनेल आणताना एफबीआय शहाणी झाली होती, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवं. एकदम सगळं नको, चार टप्पे. लॉकहीड मार्टिनला मार्च २००६मध्ये ३०.५ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. एकूण अंदाज ४२.५ कोटी, डिसेंबर २००९पर्यंत पूर्ण. लेखापरीक्षक सुरुवातीपासून डोळ्यात तेल घालून बसले होते.

पहिला टप्पा जून २००७मध्ये आला. जुन्या एसीएसवर चढवलेला वेबचा मुखवटा, असं त्याचं थोडक्यात वर्णन. उपयोगी, पण आत तोच जुना संसार. दुसरा टप्पा घसरत डिसेंबर २००९पर्यंत आला. म्हणजे सगळं संपायचं त्या महिन्यात निम्मं.

या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा क्षण तोच डिसेंबर. चाचणीत वापरणाऱ्यांनी नापसंती उघड सांगितली होती. प्रणाली संथ होती, फॉर्म गैरसोयीचे होते. तरी एफबीआयने तो भाग अटींवर स्वीकारला. आपल्या भाषेत ‘साइन-ऑफ विथ पेंडिंग पॉइंट्स’. ज्याने ही सही कधी केली आहे त्याला तिची चव ठाऊक आहे. बिल निघतं, टप्पा हिरवा होतो, उरलेलं पुढच्या टप्प्यात ‘घेऊ’. ते पुढचं कधी येत नाही, कारण पुढच्या टप्प्याचं स्वतःचं ओझं असतंच. नंतरच्या तपासणीत दिसलं, की अठरापैकी चारच फॉर्म नव्या प्रणालीत आले होते, आणि तेही छापून, कागदावर सही घेऊन, कागदाच्याच फायलीत लावावे लागत होते. २०१०मध्ये १९९५चीच पद्धत.

म्हणून ‘टप्प्याटप्प्याने केलं म्हणजे एजाइल’ हे मला पटत नाही. टप्पा दीड-दोन वर्षांचा असेल आणि त्याच्या शेवटी सही अटींवर होत असेल, तर तो ‘धबधबा’ पद्धतीचाच, म्हणजे एक पायरी पूर्ण संपवूनच पुढची घ्यायच्या रीतीचा, एक लहान तुकडा. ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातून ही धबधबा पद्धत आली असं सांगतात, त्यांनीही ती आकृती काढून लगेच लिहिलं होतं की असं करणं धोक्याचं आहे. लोकांनी आकृती उचलली, पुढचा परिच्छेद सोडला.

मार्च २०१०मध्ये एफबीआयने काही काम थांबवलं, जुलैत उरलेलंही. मायटर या संस्थेने स्वतंत्र अंदाज दिला: याच वाटेने गेलात तर आणखी ३५.१ कोटी डॉलर आणि आणखी सहा वर्षं.

ठेकेदार की मिस्त्री

घर बांधणाऱ्याला हा पेच माहीत असतो. मटेरियलसकट कंत्राट द्यायचं आणि किल्ली हातात येईपर्यंत लांब राहायचं, की मजुरीवर मिस्त्री ठेवून सिमेंट-सळई आपण आणायची आणि रोज साइटवर उभं राहायचं? पहिल्यात डोक्याला ताप कमी, पण भिंत वाकडी झाल्याचं गिलावा झाल्यावर कळतं. दुसऱ्यात जीव मेटाकुटीला येतो, पण विटांचा थर तिरका जाताना दिसतो.

सप्टेंबर २०१०मध्ये एफबीआयने दुसरी वाट धरली. लॉकहीडकडून सूत्रं काढून घेतली, उरलेलं काम स्वतःच्या देखरेखीखाली करायचं ठरवलं. सीआयओ चॅड फुल्घम लेहमन ब्रदर्स या बँकेतून आलेले, त्यांच्यासोबत सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख, जेफ जॉन्सन. कंत्राटी माणसं सुमारे २२० होती, ती ४० करायची. एफबीआयची स्वतःची ३० होती, ती १२. उरलेल्या साडेचार कोटी डॉलरमध्ये, बारा महिन्यांत, सप्टेंबर २०११पर्यंत पुरं करायचं.

उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं कमी करणं वरवर वेडेपणा वाटतो. पण फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५मध्येच लिहून ठेवलं आहे, की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर वाढतो. अडीचशे माणसांना एकमेकांशी बोलायलाच अर्धा दिवस लागतो. बावन्न माणसं मुख्यालयाच्या इमारतीत एकमेकांना हाक मारू शकतात.

पद्धत स्क्रम, एजाइलचाच एक प्रकार. नाव रग्बीतलं. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६मध्ये उत्पादनविकासाला ते लावलं, आणि जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी १९९५मध्ये सॉफ्टवेअरसाठी ती पद्धत मांडली. एजाइलचा जाहीरनामा सतरा जणांनी युटामधल्या स्नोबर्ड इथे बसून लिहिला तो फेब्रुवारी २००१मध्ये, व्हर्च्युअल केस फाइलचं कंत्राट झालं त्याच्या चार महिने आधी. औषध आणि आजार एकाच वर्षातले, गाठ पडायला नऊ वर्षं लागली.

गरजांचं जाड दस्तऐवज मोडून त्यातून ६७० यूजर स्टोरी केल्या. यूजर स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडचं एक छोटं काम. ‘३०२ फॉर्म भरून मला तो साहेबांकडे सहीला पाठवता यावा’ या धर्तीचं. बटण कुठे, हे त्यात नाही. ते काम करताना ठरवायचं, आणि ज्याला वापरायचंय त्याला दाखवून ठरवायचं. प्रत्येक स्टोरीला कष्टाच्या अंदाजाने गुण दिले, बेरीज ३,०९३. दोन आठवड्यांची कामाची एक फेरी म्हणजे स्प्रिंट, असे एकवीस. भागाकार केला तर दर स्प्रिंटला साधारण १४७ गुण पडायला हवेत.

या भागाकारातच सगळं बळ आहे. स्क्रममध्ये अर्धवट स्टोरीला अर्धे गुण मिळत नाहीत. चाचणीत पास होऊन, लोकांसमोर चालवून दाखवली तर पूर्ण गुण, नाहीतर शून्य. ‘नव्वद टक्के’ लिहायला रकानाच नाही. पहिल्या दोन-तीन स्प्रिंटमध्ये किती गुण पडले ते पाहिलं की बाकीच्या कामाला किती लागेल याचा अंदाज कोणाच्या आशावादावर अवलंबून राहत नाही. पोरगं पहिल्या चाचणीत साठ आणि दुसरीत बासष्ट आणत असेल, तर वार्षिकला पंचाण्णवचं गणित घरात कोणी मांडत नाही. प्रकल्पांत मात्र आपण ते बिनदिक्कत मांडतो.

स्टँडअपविषयी, म्हणजे रोज उभ्याउभ्या घ्यायच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीविषयी, मी मुद्दाम कमी लिहितोय. हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत स्टँडअप सगळेच करतात, बऱ्याच ठिकाणी तो हजेरीचा तास झालाय. भिंतीवर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या लावल्या तरी त्यातलं ‘डन’ मॅनेजरच्या सोयीने सरकत असेल, तर ती पद्धत म्हणजे डिसेंबर २००९चीच सही, फक्त दर दोन आठवड्यांनी. सेंटिनेलमध्ये फरक पडला तो दोन गोष्टींनी. चालतं सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला उघड्यावर येत होतं, आणि काय आधी, काय नंतर हे ठरवणारा माणूस आता कंत्राटाच्या पलीकडे नसून त्याच खोलीत होता.

वर्ष संपलं, काम नाही

सप्टेंबर २०११ची मुदत पाळली गेली नाही. एजाइलच्या प्रशिक्षणातल्या स्लाइडवर हे वाक्य सहसा नसतं.

११ ऑक्टोबर २०११ रोजी देशभरातल्या कार्यालयांतल्या ७४३ जणांनी एकाच वेळी सेंटिनेल वापरून पाहिलं. प्रणाली दोनदा बसली. कारण कोडमध्ये फारसं नव्हतं. आधीच्या वर्षांत घेतलेली यंत्रं एवढ्या लोकांचा भार पेलायला अपुरी होती. नवी यंत्रं घ्यायची म्हणजे मंजुऱ्या, खरेदी, बसवणं. तारीख मे २०१२वर गेली, मग पुढे.

इथे मला स्क्रमची एक उणीव दिसते. ६७० स्टोऱ्यांमध्ये माणसाने काय करायचं ते असतं, पण तीस हजार माणसं एकदम आली तर काय, हा प्रश्न एकाही स्टोरीत नीट बसत नाही. तो सगळ्यांच्या खाली पायासारखा असतो. डेमोला खोलीत पंधरा माणसं असतात आणि पंधरा माणसांना प्रणाली छान वेगाने चालते. भाराची चाचणी वर्षाच्या शेवटी न ठेवता चौथ्या-पाचव्या स्प्रिंटला घेतली असती, तर यंत्रांची खरेदी केव्हाच सुरू झाली असती. अर्थात हे मी इतक्या वर्षांनी, खुर्चीत बसून म्हणतोय.

तरी फरक बघा. २००३मध्ये अशी त्रुटी निघाली तेव्हा पर्याय दोनच होते, वर्षभर दुरुस्ती किंवा कचरापेटी. २०११मध्ये निघाली तेव्हा बाकीचं चालत होतं, यंत्रं बदलली की भागणार होतं. मुदत चुकली पण अंदाज हाताबाहेर गेला नाही.

१ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सगळ्या एफबीआयमध्ये सुरू झालं. जुनी प्रणाली बंद पाडण्याचा एका रात्रीचा बेत यावेळी कोणी केला नव्हता. खर्च ४५.१ कोटींच्या मर्यादेत राहिला. मायटरने सांगितलेल्या सहा वर्षांच्या जागी दोनपेक्षा कमी लागली.

याचं सगळं श्रेय स्क्रमला द्यायला मात्र माझा हात धजत नाही. २०१०च्या त्या बावन्न माणसांना काय हवं ते पक्कं ठाऊक होतं, कारण दहा वर्षं आणि साठएक कोटी डॉलर घालवून संस्था ते शिकली होती. कोऱ्या पाटीवर २००१मध्ये स्क्रम लावलं असतं तर बारा महिन्यांत झालं असतं, असं कोणी म्हणालं तर मी हसून चहा मागवीन. शिवाय फुल्घम-जॉन्सन यांच्याकडे एक गोष्ट होती जी बहुतेक स्क्रम मास्टरांकडे, म्हणजे ही पद्धत राबवणाऱ्यांकडे, नसते: थेट संचालकांचा पाठिंबा, आणि भल्या मोठ्या कंपनीला ‘तुम्ही आता बाजूला व्हा’ म्हणण्याचा अधिकार. पद्धत कोणाच्याही हाती देता येते, अधिकार वरून यावा लागतो.

एकदा प्रणाली चालू झाल्यावर स्प्रिंटची लय तितकीशी सोयीची राहत नाही, हेही जाता जाता. तक्रारी रोज येतात, पंधरवडा पाहून येत नाहीत. तिथे टोयोटाच्या कारखान्यातून आलेली कानबान बरी, एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा, एक सरकलं की पुढचं ओढायचं.

२०१४मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी सेंटिनेल वापरणाऱ्यांचं मत घेतलं. एकंदरीत कामाला मदत होते, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. रडगाणं निघालं ते शोधाच्या सोयीवर. ती वापरणाऱ्यांपैकी फक्त ४२ टक्के म्हणाले की हवं ते बऱ्याचदा सापडतं. तपासयंत्रणेच्या फायलींच्या प्रणालीत शोधाचं काम यादीत वरच असणार. त्याची स्टोरी कधीतरी भिंतीवरच्या ‘डन’च्या रकान्यात गेली असणार, डेमोत कोणीतरी एखादं नाव टाइप केलं असणार, उत्तर आलं असणार आणि खोलीतल्यांनी माना डोलावल्या असणार.